दारू सोडविताना: सरकारी उपचार कोठे मिळतो, घरच्यांनी काय करावे



पुष्कळ वर्षे रोज दारू पिणारा माणूस एकाएकी ती बंद करतो, तेव्हा पहिले चार-पाच दिवस त्याच्या जिवाला धोका असतो. दारूने माणूस मरतो हे सर्वांना ठाऊक आहे. दारू अचानक थांबल्याने मरतो असे सांगितले तर लोक हसतात. म्हणून या वेळच्या पाठाची सुरुवात तेथूनच करतो.

आपल्याकडे दारू सोडविण्याची रीत कोणती? उपवासकाळ लागला की आई किंवा बायको त्याला वेदीसमोर आणते आणि शपथ घेववते. आपले हिंदू शेजारी श्रावणात सोडवितात, किंवा धर्मस्थळाला नेऊन मंजुनाथापुढे शपथ घालतात. मग शपथ मोडू नये म्हणून त्याला घराबाहेर जाऊ देत नाहीत. कोणी तर बाहेरून कडी लावतात. हेतू चांगला असतो. मीही धर्मगुरू आहे, शपथेची किंमत मी कमी करीत नाही. परंतु सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि ते थांबविण्यासाठी ज्याला आधी घोट घ्यावा लागतो, अशा माणसाला शपथेच्या आधी डॉक्टर दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. शपथ मनाला बांधते, शरीराला ती कळत नाही.

शरीरात घडते ते असे. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद केला जाणारा मेंदू आपले काम चालू राहावे म्हणून उलट बाजूने जोर लावू लागतो. ज्यांनी लहानपणी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. भरलेली मोट ओढताना बैल सारे अंग पुढे टाकून चालत असतात. त्या क्षणी नाडा तुटला तर बैल मोकळे होऊन उभे राहत नाहीत, तोंडावर कोसळतात. दारू थांबली की मेंदूचे तसेच होते. ओझे गेले, पण जोर तसाच राहिला.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फीट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे बोलावतात, तो घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. आपल्या गावांत याला बाहेरचे लागले असे म्हणतात, आणि नेमक्या ज्या दोन दिवसांत इस्पितळ हवे ते दोन दिवस अंगारा-धुपाऱ्यात आणि प्रार्थनेला माणसे गोळा करण्यात जातात. प्रार्थना इस्पितळाच्या बाकावर बसूनही करता येते.

सर्वांनाच असे होते असे नाही. ज्याला पूर्वी एकदा दारू थांबल्यावर फीट आली होती, जो सकाळपासून पितो, ज्याचे वय झाले आहे, ज्याचे लिव्हर बिघडले आहे, त्याला धोका अधिक. अशा माणसाची दारू घरी जबरदस्तीने एकदम बंद करू नये. आधी त्याला डॉक्टरकडे न्यावे आणि ती तेथे बंद करावी. धर्मगुरूने असे लिहावे याचे कोणाला आश्चर्य वाटेल, पण वैद्यकाचा सल्ला तसाच आहे. फीट आली, भ्रम झाला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थरथर कापणारा माणूस पाहून गावातला सुईवाला पहिली गोष्ट करतो ती ग्लुकोजची बाटली लावण्याची. अनेक वर्षे जेवणाऐवजी दारू घेणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व उरलेले नसते. त्याला डॉक्टर थायमिन म्हणतात. ते न देता नुसते ग्लुकोज चढविले तर मेंदूला इजा होऊन आठवण कायमची जाऊ शकते. इस्पितळात थायमिनचे इंजेक्शन आधी देतात. ते स्वस्त आहे, पण आठवणीने द्यावे लागते. सुईवाल्याला एवढे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि शेतकऱ्याच्या घरी म्हणून सांगतो: दारू सुटत असताना पहिले काही आठवडे फवारणीच्या औषधाचे डबे घरात ठेवू नयेत. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावेत. या दिवसांत मन फार खचलेले असते आणि हात कोठेही जातो.

प्रत्येक पिणाऱ्याला इस्पितळ नको

बाजाराच्या दिवशी पिऊन येणारा आणि पहाटेपासून पिणारा यांना एकाच मापाने मोजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक यादी केली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी घ्यावी लागते काय, पिण्यामुळे नेमून दिलेले काम चुकले काय, घरच्यांनी किंवा डॉक्टरने कमी करा म्हटले काय, असे ते प्रश्न आहेत. उत्तरांना गुण असतात. आठच्या आत असला तर फारशी काळजी नाही. वीस किंवा त्यावर गेला तर तो व्यसनात अडकला असे समजून पूर्ण तपासणी करावी लागते. मधल्यांसाठी बोलणे हाच उपचार.

बोलून कोठे दारू सुटते काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्या शेजारच्या गोव्यात याचा पद्धतशीर प्रयोग झाला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नुकसान होईल इतकी पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर तो केला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीची काळजी मिळाली. निम्म्यांशी त्याखेरीज साध्या, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी जास्तीत जास्त चार वेळा, अर्धा-पाऊण तास बसून बोलणे केले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या काळजीतल्या शंभरातले २६ सावरले होते, बोलणे झालेल्यांतले ३६. दहाचा फरक तुम्हाला थोडा वाटेल. पण बियाण्याची जात बदलून एकरी तेवढी वाढ मिळाली तर आपण ती जात सोडीत नाही. पूर्ण अडकलेल्यांना मात्र या प्रयोगात घेतले नव्हते. त्यांची जागा वेगळी, हेही लक्षात घ्यावे.

सरकारी दार कोठे आहे

व्यसनाच्या उपचाराची केंद्र सरकारची योजना आजची नाही. कल्याण खात्याने १९८५-८६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना केंद्रे चालविण्यासाठी अनुदान देण्यास सुरुवात केली. १९८८ पासून आरोग्य खात्याने सरकारी इस्पितळांत विभाग उघडले. अनुदानाची ती योजना आज सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान प्रथम २७२ जिल्ह्यांत सुरू झाले आणि मग देशभर पसरले. म्हणजे कागदावर सोय भरपूर आहे. तरीही २०१९ साली सरकारनेच जी देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. इस्पितळात राहून उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक.

असे का? एक कारण मला दिसते ते असे. दारू विकण्याचा परवाना अबकारी खाते देते. अंगातली दारू उतरविण्याचे काम आरोग्य खाते करते. पुढच्या पुनर्वसनाचे अनुदान सामाजिक न्याय खाते देते. शाळेत फलक घेऊन फेरी पोलीस काढतात. एका घरात चार जावा असाव्यात आणि प्रत्येकीला वाटावे की पोराला दुसरीने जेवू घातले असेल, तसे हे आहे. कोणी वाईट नाही, पण पोर उपाशी राहते. म्हणून या चार दारांमधून आपल्या माणसाला कसे न्यावे हे आपल्यालाच शिकले पाहिजे.

आपल्या भागापुरते सांगतो. धारवाडचे मानसिक आरोग्याचे सरकारी इस्पितळ १८४५ मध्ये सुरू झाले. आज त्याचे नाव डिमहान्स आहे. लोक त्याला अजून वेड्यांचे इस्पितळ म्हणतात आणि म्हणूनच तेथे जायला लाजतात. मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. अशा आईला मी एकच विचारतो: बाप रस्त्यावर पडलेला पाहून लोक आज काय म्हणतात? तेथे व्यसनाचा उपचार होतो, बाहेरून येऊन दाखविता येते आणि गरज असल्यास दाखलही करतात. हुबळीत मोठे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आहे, ज्याला आपण किम्स म्हणतो. लिव्हर, पोट, फीट असे शरीराचे दुखणे सोबत असेल तर तेथे नेणे सोयीचे.

कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंद बाजूच्या लोकांनी पहिल्याच भेटीला धारवाड गाठण्याची गरज नाही. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात ठरलेल्या मंगळवारी तालुक्याच्या सरकारी इस्पितळात मानसोपचाराचे डॉक्टर येतात. कोणता मंगळवार हे आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे, म्हणजे मजुरी बुडवून फेरी फुकट जाणार नाही. हुबळी शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी डिसेंबर २०२२ पासून नम्म क्लिनिक आहेत. तेथून मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी घेता येते.

फोनही आहेत. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा केंद्र सरकारचा फोन. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीचा टेलि-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून. दोन्हींना पैसे पडत नाहीत. टेलि-मानसवर भाषा निवडता येते. कानडी नीट बोलता येत नाही म्हणून घरातल्या बायका पुष्कळदा फोनच करीत नाहीत. त्यांनी सरळ मराठी बोलणारे कोणी द्या म्हणावे. हे नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, पिणाऱ्याच्या खिशात नव्हे.

जाताना काय न्यावे? आधार, रेशन कार्ड, पूर्वी कोठे उपचार झाला असेल तर ते कागद, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट. सोबत राहणारा एक माणूस लागतो. तो बायकोच असावा असे नाही, किंबहुना भाऊ किंवा मेहुणा असेल तर बरे. बायको रोज दोन घरची कामे टाकून तेथे बसली तर आठव्या दिवशी तीच त्याला घरी घेऊन येते, कारण चूल पेटत नाही. माझा अनुभव असा की पुष्कळ उपचार पिणाऱ्याने मोडलेले नसतात, घरच्या अडचणीने मोडलेले असतात.

वेळही पाहावी. मुगाची तोडणी, सोयाबीनची कापणी किंवा हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली असताना शेतकरी दाखल होत नाही, झाला तरी टिकत नाही. आपल्याकडे रब्बी निघाल्यापासून मृग लागेपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा. जत्रा आणि लग्ने त्याच दिवसांत येतात ही खरी अडचण, पण तोच मोकळा वेळ पिण्यातही जातो, म्हणून त्याच वेळी न्यावे. कारखान्यात किंवा रेल्वे वर्कशॉपमध्ये असणाऱ्याने रजेसाठी डॉक्टरचा दाखला मागून घ्यावा. जिवाचा धोका दिसत असेल तर मात्र पीक पाहू नये. पीक भाऊबंद काढतील.

दाखल झाल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस अंगातली दारू उतरविण्यात जातात. थरथर व फीट टाळण्यासाठी गोळ्या देतात आणि त्या रोज कमी करीत नेतात. मोटेचा नाडा तुटू न देता सैल करीत आणावा तसे. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून घरी आल्यावर औषधाच्या दुकानातून त्या आपल्या मनाने आणू नयेत. मग लिव्हर व रक्त तपासतात, जेवण सुधारते, आणि पुन्हा ओढ लागू नये म्हणून पुढची औषधे ठरवितात.

काय करू नये

भिंतींवर आणि एसटी स्टँडवर जाहिराती असतात: पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. त्या पुड्यांत काय असते हे विकणारालाही पुष्कळदा ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे. ती घेऊन दारू प्यायल्यास तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो. डॉक्टर ती देतात ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय व लिव्हर तपासून. तीच गोळी चहात गुपचूप घातली आणि तो बाहेर जाऊन पावशेर प्यायला, तर तो वाटेत पडून मरू शकतो. बायकांनी हे रागाने नव्हे, मायेने केलेले असते. म्हणूनच सांगावे लागते.

तसेच खासगी केंद्रांविषयी. चांगली केंद्रे आहेत. पण घरून माणूस गाडीत घालून उचलून नेतात, तीन महिने घरच्यांना भेटू देत नाहीत, मारतात, बांधून ठेवतात, आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, अशीही आहेत. २००१ साली ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व मादक द्रव्यांमुळे होणारे मनाचे विकारही येतात. त्या कायद्याप्रमाणे अशा केंद्राची नोंदणी व्हावी लागते आणि कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधणे मना आहे. माणूस स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीने दाखल होतो. इतका आजारी असेल की त्याला आपले हित कळत नाही, तर त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन जाणकारांच्या स्वतंत्र तपासणीनंतर दाखल करतात. हे पहिल्या खेपेस ३० दिवसांपर्यंतच. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचा कागद दाखवा म्हणावे, मानसोपचाराचा डॉक्टर कोणत्या दिवशी येतो ते विचारावे, आणि रुग्णांना घरच्यांशिवाय दोन मिनिटे भेटू द्या म्हणावे. तिसरी गोष्ट नाकारली तर परत फिरावे.

शहरातली काही मुले दारूऐवजी गांजा आणि गोळ्यांच्या नादाला लागली आहेत. त्यांचे आईबाप पोलिसांच्या भीतीने उपचार टाळतात. मादक द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी जर आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर मात्र ही सवलत काढून घेता येते. वकिलाला हे कलम दाखवावे.

इस्पितळातून आल्यावर

आता मुख्य गोष्ट. इस्पितळ दहा दिवस सांभाळते. पुढचे वर्ष कोणी सांभाळायचे? पुन्हा पिणे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते. सरकारी कार्यक्रमात हा धागा तुटतो, कारण गावात येऊन विचारणारा माणूस त्यात बहुधा नसतो.

ज्यांनी हा धागा धरला त्यांच्याकडे पाहावे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यासाठी पैसे दिले होते. तेथे उपचारानंतर पुन्हा पुन्हा येत राहण्यावर भर आहे, आणि पिणाऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. कोणी तरी बाईला विचारले की तू कशी आहेस, हेच पुष्कळींना नवे असते. मुंबईत फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चमधून कृपा फाउंडेशन उभारले. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू झाले. सरकार, डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभे केले. त्यात गावोगावी संघटना आणि तालुक्याला उपचाराचे क्लिनिक अशी जोड आहे. आपल्या कर्नाटकात धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेची आठ दिवसांची शिबिरे गावातच होतात आणि नंतर सुटलेल्यांची नवजीवन समिती भरत राहते. आपल्या माणसाला अशा शिबिरात पाठविण्यास काही हरकत नाही. फक्त सकाळी हात थरथरणारा असेल तर तेथे डॉक्टरची सोय काय हे आधी विचारावे.

आपण आपल्या धर्मग्रामात काय करू शकतो? माझी सूचना अशी की प्रत्येक सुटलेल्या माणसामागे एक माणूस नेमावा. समिती नको. समितीत सारेच जबाबदार असतात, म्हणजे कोणी नसतो. हा एक माणूस, शक्य तर स्वतः पूर्वी पीत असलेला, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा त्याच्या घरी जाऊन चहा घेईल. उपदेश करणार नाही. गोळ्या चालू आहेत काय, पुढची तारीख कोणती, झोप लागते काय, एवढे विचारील आणि दाखवायच्या दिवशी त्याच्याबरोबर बसने जाईल. ज्यांना आवडेल त्यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला जावे. ती कोणत्याही चर्चची नाही, फी नाही, तेथे नाव-आडनाव विचारीत नाहीत. सभेसाठी जागा हवी असेल तर आपला हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळा ठेवता येईल.

मजुरीच्या पैशाचेही पाहावे. शनिवारी संध्याकाळी रोख हातात पडते आणि घरच्या वाटेवर दुकान असते. सुटलेल्या माणसाने मालकाला सांगून मजुरी बायकोच्या खात्यावर घ्यावी. याला अपमान समजू नये, पायाला जखम असताना काठी घेतो तसे ते आहे. लग्नाच्या, बारशाच्या जेवणात 'आज एक दिवस चालेल' म्हणणाऱ्या पाहुण्याला घरातल्या वडीलधाऱ्याने तेथल्या तेथे थांबवावे. सुटलेल्या माणसाला दारुड्या, बेवड्या अशा जुन्या नावाने हाक मारणाऱ्यालाही.

दुकानाविषयी थोडे. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात साराई बंद झाली. पाकिटातली साराई गेली, पण ९० मिलीच्या खोक्यातली व्हिस्की आली, आणि पुष्कळ गावांत ती किराणा मालाच्या दुकानात पहाटेपासून चोरून मिळते. परवानाच्या दुकानापेक्षा हे दुकान अधिक घातक, कारण ते घरापासून वीस पावलांवर असते आणि उधार देते. सरकारला दारूवर दरवर्षी हजारो कोटींचे उत्पन्न मिळते, तेव्हा सरकार आपणहून कितपत कडक होईल याविषयी मला शंका आहे. जानेवारी २०१९ मध्ये खेड्यांतल्या बायका दारूबंदी मागत चित्रदुर्गाहून बंगळूरपर्यंत चालत गेल्या, त्या काही हौसेने नव्हे. पण विनापरवाना विक्री हा आजच्या कायद्यानेही गुन्हा आहे. त्यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभेत ठराव लिहून घ्यावा, त्याची प्रत अबकारी निरीक्षकाला द्यावी आणि पोच घ्यावी.

आणि तो पुन्हा प्यायला तर? पुष्कळ जण पितात. दमा किंवा साखरेचा आजार उलटतो तसा हाही उलटतो. घरच्यांनी 'गेले सगळे पाण्यात' म्हणून हात झटकू नयेत आणि डॉक्टर ओरडतील म्हणून महिनाभर लपवूही नये. त्याच आठवड्यात त्याच डॉक्टरकडे जावे. किती दिवस प्यायला, किती, कोणत्या गोळ्या बंद झाल्या हे खरे सांगावे. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर आठवडा नव्हे, त्याच तासाला इस्पितळ गाठावे. नवीन चिठ्ठी न काढता जुना कागद न्यावा, म्हणजे आधीचा उपचार डॉक्टरला दिसतो. कागद हरवला तर दाखल झाल्याच्या तारखेवरून नोंद शोधणे सोपे जाते. तेव्हा ती तारीख पहिल्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावी.